वडिलांकडची बाजूही विचारा
'आईकडे कुणालाच स्तनाचा कर्करोग नव्हता, मग मुलीची तपासणी कशाला?' असं एका वाचकाने विचारलंय. आनुवंशिक कर्करोगाच्या समुपदेशनात मी हे सतत ऐकते. स्तन आणि अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका वाढवणारा बीआरसीए जनुकातला दोष वडिलांकडूनही येतो. मुलगा असो वा मुलगी, शक्यता ५० टक्के. वंशावळ काढताना आत्याचं विचारलं की उत्तर येतं, 'तिला पोटाचं काहीतरी होतं.' खोदून विचारल्यावर कळतं, अंडाशयाचा कर्करोग!

शक्यतो आधी कर्करोग झालेल्या व्यक्तीचीच जनुकीय चाचणी करा. नुसत्या निरोगी बहिणीचा अहवाल निगेटिव्ह आला, तर घरात दोष नाहीच की तिला मिळाला नाही, हे सांगता येत नाही. लग्न ठरायचंय म्हणून अहवाल दडवणारी घरं पाहून जीव तुटतो. निदान सख्ख्या भावंडांना तरी कळवा. दोष सापडलेल्या बहिणीच्या स्तनांची एमआरआयने तपासणी २५व्या वर्षापासून सुरू करता येते.