झोपेची गोळी नको
सांधे धरलेल्या दोन म्हाताऱ्या लॅब्रॅडॉर कुत्र्यांना मे महिन्यात गाडीने पुण्याहून गोव्याला कसं न्यावं, असं तुम्ही विचारलंय; त्यावर दोघांना झोपेची गोळी द्या, असं कुणीतरी सुचवलंय. कृपया तसं करू नका. गुंगीच्या औषधाने रक्तदाब उतरतो, तोलही जातो, आणि या वयात हृदय-मूत्रपिंडं आधीच थकलेली असतात. उलटीचीच भीती असेल तर प्राण्यांच्या डॉक्टरांना मॅरोपिटंट या उलटी थांबवणाऱ्या औषधाबद्दल विचारा. ते निघण्याच्या किमान २ तास आधी द्यायचं असतं, सहसा गुंगी येत नाही. आंबोली घाटाच्या वळणांआधी पोटभर जेवण टाळा. सांधे धरलेत म्हणता, तर गाडीत उचलूनच ठेवा, खाली न सरकणारी रबरी मॅट हवी. दुखण्यावर आपली माणसांची आयबुप्रोफेन ही वेदनाशामक गोळी चुकूनही देऊ नका, कुत्र्यांच्या पोटात अल्सर होतात. आणि मे महिन्यात कशाला निघताय? डिसेंबरात जा की!