१४४ रुपयांचा शंभर

कुणी म्हणेल की फाळणीनंतर भारत-पाकिस्तानचे रुपये १९६६ पर्यंत बरोबरीनेच चालले. तसं नाही, मधली सहा वर्षं राहिली. सप्टेंबर १९४९ मध्ये पौंडाचं अवमूल्यन झालं, पाठोपाठ आपणही केलं आणि डॉलर ३.३१ वरून ४.७६ रुपयांवर गेला. पाकिस्तानने मात्र नकार दिला. एका रात्रीत त्यांचे शंभर रुपये आपल्या १४४ ला पडू लागले. भारताने तो दर मानलाच नाही आणि व्यापार जवळपास ठप्प झाला.

खरी कोंडी तागाची. गिरण्या कलकत्त्याला, ताग पूर्व बंगालात, म्हणजे पाकिस्तानात! आमचे आजोबा सांगलीत हळदीचे अडते. रिकामं तागाचं पोतंसुद्धा झटकून, शिवून परत वापरायचे. बारदान म्हणजे त्यांच्या लेखी पैसाच, त्यामुळे हा विषय मला परका वाटत नाही.

फेब्रुवारी १९५१ च्या करारात भारताने १४४ चा दर स्वीकारला. १९५५ मध्ये पाकिस्ताननेही अवमूल्यन केलं, तेव्हा दोन्ही रुपये पुन्हा सारखे झाले. जून १९६६ मध्ये आपला डॉलर ७.५० झाला, त्यांचा १९७२ पर्यंत ४.७६ च होता.