शब्दचर्चा : इंग्लंडच्या खेड्यातील 'पब'ला मराठीत काय म्हणावे?

विचारणा :
सप्रेम नमस्कार. इंग्लंडमधील खेड्यांविषयीच्या एका लेखाचा मी मराठी अनुवाद करीत आहे. त्यात बर्कशर परगण्यातील ऑल्डवर्थ या गावच्या 'द बेल' या जुन्या पबचे वर्णन आहे. हा पब दोनशेहून अधिक वर्षे एकाच कुटुंबाकडे असून तेथे नेहमीसारखा लांब काउंटर नाही. पेये एका लहानशा खिडकीतून दिली जातात आणि खाण्यासाठी भरलेले गरम पाव मिळतात. 'पब'साठी मी 'मद्यालय', तेथील 'लँडलॉर्ड'साठी 'घरमालक' आणि एकंदर वर्णनासाठी 'हंगामी खाद्यपदार्थ व उबदार स्वागत' असे शब्द योजले आहेत. परंतु पुन्हा वाचताना यातला एकही शब्द त्या जागेचा वाटत नाही. जाणकारांनी कृपया मत द्यावे.

पहिला प्रतिसाद :
'मद्यालय' हा शब्द माझ्या मते मुळीच वापरू नये. 'पब' हे 'पब्लिक हाउस'चे संक्षिप्त रूप आहे आणि त्यातला महत्त्वाचा शब्द 'हाउस' हा आहे. पूर्वी इंग्लंडमध्ये तीन निरनिराळ्या जागा होत्या : घरी आंबवून केलेली एल (एक प्रकारची बिअर) विकणारे 'एलहाउस', द्राक्षमद्य देणारी 'टॅव्हर्न', आणि वाटसरूंना मुक्काम, जेवण व घोड्यांना तबेला देणारी 'इन'. पुढे या तिघींमधले भेद पुसट झाले आणि सर्वांना मिळून 'पब्लिक हाउस' म्हणण्याची पद्धत रूढ झाली. १८३० च्या कायद्याने तर दोन गिनींचे वार्षिक शुल्क भरणाऱ्या साध्या गृहस्थालाही स्वतःच्या घरात बिअर विकण्याची मुभा दिली आणि देशभर अशी हजारो घरे उघडली. खेड्यातल्या कित्येक पबांची बसकी दालने, ठेंगणी दारे आणि भिंतीतली शेकोटी पाहिली की ती मुळात राहती घरे होती हे सहज ध्यानात येते.

आपल्याकडे 'इन'ला 'सराई' हा शब्द बराचसा जुळतो. 'टॅव्हर्न'चे सख्खे भावंड तर गोव्यात आहेच : पोर्तुगीजांकडून आलेले 'तावेर्न', जिथे गावातली माणसे संध्याकाळी फेणी घेत बसतात. या दोन्ही शब्दांचे मूळ एकाच लॅटिन शब्दात आहे. 'पब'ला मात्र असा शब्द आपल्याकडे नाही. शिवाय पुण्या-मुंबईच्या वर्तमानपत्रांतून 'पब' म्हटले की मोठ्या आवाजातले संगीत आणि रात्री उशिरापर्यंत चालणारे नृत्य डोळ्यांसमोर येते. ऑल्डवर्थच्या पबमध्ये म्हातारी माणसे, मुलेबाळे, पाळीव कुत्री आणि पायी भटकंती करणारे एकत्र बसतात. म्हणून मूळ शब्द ठेवून पहिल्या उल्लेखाला 'गावचा पब' असे लिहावे आणि पुढे नुसते 'पब' म्हणावे, असे मी सुचवीन.

दुसरा प्रतिसाद :
'घरमालक' हा शब्द अर्थाच्या दृष्टीनेही चुकीचा ठरतो. इंग्लंडमधील पबचा 'लँडलॉर्ड' पुष्कळदा त्या इमारतीचा मालक नसतोच. तो मद्यनिर्मिती कंपनीचा किंवा पबांची साखळी चालविणाऱ्या कंपनीचा भाडेकरू असतो, आणि करारानुसार त्याला बिअरही त्याच कंपनीकडून घ्यावी लागते. अशा पबला 'टाइड हाउस' म्हणतात. ज्याच्यावर असे बंधन नाही तो 'फ्री हाउस', आणि ही गोष्ट दारावरच्या पाटीवर अभिमानाने लिहिलेली असते. तेथे 'फ्री' म्हणजे फुकट नव्हे, हेही अनुवादात सांभाळावे. या बांधिलकीचा प्रश्न इतका तीव्र झाला की १९८९ साली सरकारला मोठ्या मद्यनिर्मात्यांच्या ताब्यातील पबांवर नियमाने मर्यादा आणावी लागली.

'लँडलॉर्ड'साठी मला 'यजमान' हा शब्द सर्वांत योग्य वाटतो, कारण दाराशी आलेल्याची विचारपूस करणे हेच त्याचे मुख्य काम आहे. व्यवसाय म्हणून उल्लेख करायचा असल्यास 'पबचालक' चालेल.

येथे एक गोष्ट नोंदवल्यावाचून राहवत नाही. पबचालकाला इंग्रजीत 'पब्लिकन' असेही म्हणतात आणि हा शब्द प्राचीन रोममध्ये करवसुलीचा मक्ता घेणाऱ्यासाठी होता. आपल्या 'गुत्ता' शब्दाचाही मूळ अर्थ मक्ता असाच आहे. मराठवाड्यात कंत्राटदाराला आजही 'गुत्तेदार' म्हणतात. दारूविक्रीचे हक्क मक्त्याने दिले जात, त्यामुळे दुकानालाच 'गुत्ता' हे नाव चिकटले असावे. दोन भाषांनी किती दूरच्या वाटांनी येऊन एकाच धंद्याला नावे दिली, याचे मला फार अप्रूप वाटते. तरीही 'गुत्ता' या अनुवादासाठी घेऊ नये. त्याला आज जी हीनतेची छटा आहे, ती या पबवर अन्याय करील.

तिसरा प्रतिसाद :
मी फक्त 'हंगामी' आणि 'उबदार' यांविषयी लिहिते. 'हंगामी' हा शब्द आपण 'हंगामी कामगार', 'हंगामी अध्यक्ष' असा तात्पुरत्या अर्थानेही वापरतो, त्यामुळे 'हंगामी खाद्यपदार्थ' वाचताना वाचक क्षणभर अडखळतो. आपल्याकडे 'आंब्याचे दिवस', 'हुरड्याचे दिवस' असे म्हणण्याची रीत आहे. त्याच धर्तीवर 'त्या त्या दिवसांतले पदार्थ' असे लिहिल्यास अर्थ नेमका पोहोचतो. इंग्लंडमध्ये हे दिवस फार काटेकोरपणे पाळले जातात : इव्हशॅमच्या खोऱ्यातील ॲस्परॅगस या कोवळ्या कोंबांच्या भाजीचा मोसम परंपरेने २३ एप्रिलच्या सेंट जॉर्ज दिनापासून जूनच्या मध्यानंतरपर्यंत मानतात, ग्राउस पक्ष्याची शिकार १२ ऑगस्टला आणि फेझंटची १ ऑक्टोबरला सुरू होते, आणि पबच्या फळ्यावरचे खडूने लिहिलेले पदार्थ त्याप्रमाणे बदलतात. ॲस्परॅगसला 'शतावरी' म्हणण्याचा मोह टाळावा, कारण मराठी वाचकाला त्या शब्दाने औषधी मुळ्याच आठवतील.

'उबदार स्वागत' हे तर इंग्रजीचे सरळ शब्दांतर झाले. आपल्याकडे 'अगत्य' हा सुंदर शब्द असताना तो का टाकावा? ऊब दाखवायचीच असेल, तर भिंतीतल्या शेकोटीचा उल्लेख करावा. ती तेथे खरोखरच असते.

विचारणाऱ्याचे उत्तर :
आपणां सर्वांचे मनःपूर्वक आभार. आता वाक्य असे केले आहे : 'गावच्या या पबमध्ये त्या त्या दिवसांतले पदार्थ मिळतात, भिंतीत शेकोटी पेटलेली असते आणि यजमान आल्यागेल्याची अगत्याने विचारपूस करतात.' एक शंका उरली. लेखात अन्य पबांच्या संदर्भात 'प्लाउमन्स लंच' येते. 'नांगरकऱ्याची न्याहारी' चालेल का?

दुसऱ्या प्रतिसादकर्त्याचे उत्तर :
न्याहारी नव्हे, ते दुपारचे खाणे आहे. पाव, चीज आणि मुरवलेला कांदा हे शेतमजुरांचे खाणे जुनेच. परंतु हे नाव पबांतून सर्वत्र पसरले ते महायुद्धानंतरचे रेशनिंग १९५४ मध्ये संपल्यावर, चीजचा खप वाढविण्यासाठी झालेल्या जाहिरातींमुळे. म्हणून 'प्लाउमन्स लंच' असेच ठेवावे आणि ताटात काय असते ते त्याच वाक्यात सांगावे. 'नांगरकऱ्याची शिदोरी' म्हटले, तर बांधावर फडक्यातून सोडलेली भाकरी वाचकाच्या मनात येईल, आणि पबच्या टेबलावर बशीत मांडून येणारे हे खाणे तसे नाही.