वीस जणी एकच तुकडा नाचल्या म्हणजे समूहरचना झाली का?

तत्कार
परवा शहरातल्या एका कथक वर्गाच्या वार्षिक कार्यक्रमाला गेले होते. विषय कालिदासाचं मेघदूत. मेघदूतातला रामगिरी मानलं जाणारं रामटेक आपल्यापासून ५० किलोमीटरवर, त्यामुळे आषाढ जवळ आला की नागपुरात हा विषय निघतोच. यक्ष झालेली मुलगी तयारीची होती. पण मेघ आला तो २० मुलींच्या तीन ओळींत. सगळ्यांचे हात एका उंचीवर, सगळ्यांची एकच तिहाई (तीनदा घेऊन समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, संपणारा बोल), आणि शेवटपर्यंत ओळी मोडल्याच नाहीत.

याला मी समूहरचना म्हणत नाही. हा एकटीचा नाच २० जणींकडून करून घेतला, एवढंच. नाट्यशास्त्राच्या चौथ्या अध्यायात समूहाचे चार बंध सांगितलेत: पिंडी म्हणजे घोळका, शृंखलिका म्हणजे साखळी, लताबंध म्हणजे वेलीसारखी गुंफण, आणि भेद्यक, ज्यात प्रत्येक जण सुटा नाचतो. मेघाला हे चारही लागतात. तो जमतो, लांबतो, गुंततो, फुटतो. इतकं हाताशी असताना आपण मुलींना कवायतीसारखं का उभं करतो?

लक्ष्मीनगरची ताई
वाचून वाईट वाटलं. मी वर्ग चालवते. ७ ते १६ वयाच्या ४५ मुली, हातात सहा आठवडे, त्यात शाळेच्या परीक्षा. तालमीची खोली एवढीशी, रंगमंच तिच्या दुप्पट. सभागृहात रंगीत तालीम एकदाच मिळते, तीही भाडं परवडलं तर. सात वर्षांच्या मुलीला लताबंध शिकवू की समेवर पाय पडायला शिकवू? ओळीत नाचताना ती शेजारणीची लय ऐकायला शिकते. ते शिक्षण तुम्हाला कवायत वाटलं.

एकल
दोघींचंही पटलं नाही. कथक मुळात एकट्याचं. ठाठ (सुरुवातीचं जवळजवळ स्थिर उभं राहणं), आमद, परण, गत या टप्प्यांची सगळी मांडणी एका माणसाच्या तयारीवर उभी आहे. समोर तबला, लेहरा (तालाचं आवर्तन धरणारी सुरावट) चालू, आणि त्या क्षणी सुचलेली उपज. समूह आला की मोजमाप आलं, मोजमाप आलं की रेकॉर्ड केलेला ट्रॅक आला, आणि मग लय वाढवायचा निर्णय नाचणारीच्या हातात राहत नाही. वर्षाचे चार महिने ओळी, घोळके बसवण्यात गेले तर मुली एकट्याने १५ मिनिटं उभ्या राहायला कधी शिकणार? आपल्याकडे मुली अलंकारसारख्या वरच्या पातळीपर्यंत परीक्षा देतात आणि तबलजीशी नजर मिळवायला घाबरतात. मला याची खरंच काळजी वाटते.

तत्कार
एकल, ट्रॅकबद्दल तुमचं म्हणणं मान्य. पण तो दोष ट्रॅकचा, समूहाचा नाही. कथक नर्तकी मेनका यांचा संच १९३६ मध्ये कथकातली नृत्यनाट्यं घेऊन बर्लिनला गेला होता. कथक नृत्यरचनाकार कुमुदिनी लाखियांनी १९७३ च्या ‘धबकार’ या रचनेत गोष्ट बाजूला ठेवली आणि निव्वळ लय आणि अवकाश यांवर समूह उभा केला. भरतनाट्यमकडे पाहिलं तर चेन्नईच्या कलाक्षेत्र संस्थेने ‘कुट्राल कुरवंजी’ हे नृत्यनाट्य १९४४ मध्येच बसवलं.

ताई, तुमच्यासाठी एक प्रत्यक्षातलं सांगते. मेघदूत मंदाक्रांता वृत्तात आहे. चरणात १७ अक्षरं, यती म्हणजे थांबे ४, ६ आणि ७ अक्षरांच्या गटांनंतर. मात्रा मोजल्या तर ८, ७ आणि १२, एकूण २७. तीनतालाची दोन आवर्तनं ३२ मात्रांची. म्हणजे ५ मात्रा उरतात, त्या यतींवर वाटता येतात. पहिली चारही अक्षरं गुरू, जड. ती चार मोठ्या मुलींना द्या, जागेवर, जवळजवळ ठाठासारखी. मग पाच लघू धावतात आणि एका गुरूवर थांबतात, तिथे लहान मुली एका विंगेतून निघून दुसऱ्या टोकाला पोचतात. उरलेली सात अक्षरं यक्षाची. उरलेल्या मात्रांत कुणीच हलत नाही. यात लहान मुलींना फक्त समेवर पोचायचंय, म्हणजे तुम्ही शिकवता तेच. वृत्तच तुम्हाला रचना काढून देतं.

विंगेतून
मी प्रकाशयोजना करतो. दोन गोष्टी. २० जणींनी एकदम घुंगरू वाजवले की तत्काराचे, म्हणजे पायांच्या ठोक्यांचे, बोल सुटे ऐकू येत नाहीत, नुसता गजर होतो. एका वेळी चौघींनीच पाय वाजवावेत, बाकीच्यांनी फक्त हात करावेत. दुसरं, आरशासमोर बसवलेला नाच रंगमंचावर हमखास बिघडतो, कारण मुली स्वतःची जागा आरशात शोधत असतात. शेवटचे १५ दिवस आरशाकडे पाठ करून तालीम घ्या.

आणि एकल, रेशीमबागेतल्या सुरेश भट सभागृहात सुमारे २,००० खुर्च्या आहेत. मागच्या रांगेतून डोळे दिसत नाहीत, आकार दिसतो. तिथे समूह लागतोच.

एकल
मग २०० खुर्च्यांच्या खोलीत नाचा. नाचानुसार जागा निवडायची, जागेनुसार नाच नाही.

बाबा, मानेवाडा
मले यातलं शास्त्र कळत नाही. पण माझी पोरगी अशाच एका कार्यक्रमात तिसऱ्या ओळीत होती. तिचे आजी-आजोबा हिंगणघाटहून आले होते. पूर्ण वेळ मान वर करून पाहत होते, त्यांना ती दिसलीच नाही. घरी आल्यावर पोरगी विचारते, बाबा, मी दिसली का? काय सांगू तिले? ड्रेसचे पैसे सगळ्यांनी सारखेच भरले होते. तत्कारताई म्हणून राहिल्या तसं विंगेतून धावायला मिळालं असतं, तर चार पावलं का होईना, तिची ती असती.

लक्ष्मीनगरची ताई
बाबा, हा प्रश्न माझ्या वर्गातल्या मुलीही विचारतात, आणि मी दर वेळी ओळी आलटून पालटून लावते. तेवढ्याने भागत नाही, हे मलाही कळतं.

मंदाक्रांतेचा एक चरण येत्या रविवारी १२ मुलींवर करून बघते. ट्रॅक नाही, तबला आणि माझी पढंत, म्हणजे बोल मी तोंडाने म्हणणार. एकल, म्हणजे त्या मुलींना तबलजीकडे बघावंच लागेल. पण सात वर्षांच्या मुलींना विंगेतून धावायला लावणार नाही. घुंगरांचं ओझं पायात असताना त्या धावल्या की समेच्या आधीच पोचतात, हे मी पाहिलंय. त्या चालत येतील. पाच लघूंत चालून पोचतील इतकंच अंतर ठेवते, खडूने खुणा करून.

तत्कार
चालत आल्या तर लघूचा वेग जाईल. निदान शेवटची दोन पावलं दुप्पट लयीत घेऊन बघा ना. रविवारी किती वाजता? मी पढंतीला येते.