मदत हवी आहे: पर्सोना बनवले, पण वेळेला एकही बोलेना

नमस्कार मंडळी. औषधांची आठवण करून देणाऱ्या अ‍ॅपचं डिझाइन माझ्याकडे आहे, टीममध्ये डिझायनर मी एकटीच. ११ जणांच्या मुलाखती घेऊन वयोगटाप्रमाणे चार पर्सोना बनवले, म्हणजे अ‍ॅप वापरणाऱ्यांच्या एकेका गटासाठी एक प्रातिनिधिक काल्पनिक माणूस. फोटो, शिक्षण, छंद, अवतरणात एक गोड वाक्य, सगळं साग्रसंगीत. ग्रुपवर पीडीएफ टाकली, दोन अंगठे आले, विषय संपला.

गेल्या आठवड्यात डेव्हलपरने विचारलं, "वेळ टळून गेली आणि माणसाने काहीच दाबलं नाही, तर पुन्हा वाजवायचं की गप्प बसायचं?" मी चारही पानं उघडली. एकीला बागकाम आवडतं आणि एकाला 'सोपं तंत्रज्ञान' हवंय, एवढंच हाती लागलं. शेवटी ज्याचा आवाज मोठा, त्याचं ठरलं.

चिडचिड याची की उत्तर माझ्या वहीत होतं. मुलाखतीतले एक काका गोळी घेतली की पाकीट पालथं घालून ठेवतात आणि झोपताना सगळी पाकिटं पुन्हा सुलटी करतात. वेळ त्यांच्या बरोबर लक्षात असते. 'घेतली की नाही' हा संशय तेवढा छळतो. हे पर्सोनात आलंच नाही, कारण डाउनलोड केलेल्या साच्यात तसा रकानाच नव्हता!

जाणकारांनी सांगावं: वयावरून गट पाडले तिथेच चुकलं का? ११ मुलाखती पुरतील की पुन्हा जाऊ? फोटो-छंद ठेवू की उडवू?

कोरा_कागद: हो, तिथेच चुकलं. मुलाखतींना १ ते ११ नंबर द्या आणि भिंतीवर आडव्या रेषा ओढा. एक रेष म्हणजे वागण्यातली एक गोष्ट: एका टोकाला 'विसरतो', दुसऱ्याला 'घेतली का ते आठवत नाही'. पुढची रेष, स्वतःची औषधं की दुसऱ्याची. मग फोन कायम हाताशी की दुसऱ्या खोलीत. प्रत्येक रेषेवर अकराही नंबर बसवा. जे नंबर सहा-आठ रेषांवर एकमेकांना चिकटून फिरतात, त्यांचा एक पर्सोना. ही रीत अ‍ॅलन कूपर यांच्या पठडीतली, सॉफ्टवेअर डिझाइनमध्ये पर्सोना आणले ते हेच. पर्सोना नसला की 'युजर' हा शब्द ज्याला हवा तसा रबरासारखा ताणला जातो, ही तक्रारही त्यांचीच. तुमच्या मीटिंगमध्ये तेच झालं.

नव्या मुलाखती आत्ताच नकोत. आधी वही पिळून काढा.

उंबरठा: कूपरांचा विषय निघालाच आहे तर, १९८३ मध्ये प्रकल्प-नियोजनाचा प्रोग्रॅम लिहिताना ते फिरायला जायचे आणि स्वतःच वापरणारी बाई बनून स्वतःशी वाद घालायचे. ती बाईही मनाने रचलेली नव्हती, ज्यांच्याशी बोलले त्यांतल्याच एकीवर बेतलेली. तुमच्या काकांचं तसं करून बघा. छंद उडवा. फोटो ठेवायचा तर हसऱ्या मॉडेलचा नको, त्याने पर्सोना जाहिरातीतला वाटतो. आणि एकच पर्सोना मुख्य धरा, चौघांना सारखा मान दिलात तर पुन्हा मोठ्या आवाजाचंच चालेल.

धागाकर्ती: दोघांचे आभार. काल नऊ रेषा ओढल्या. ४ आणि ९ जवळजवळ सगळीकडे शेजारी बसले, एक ३१ वर्षांचा, एक ६८ वर्षांच्या! माझ्या पीडीएफमध्ये दोघं दोन टोकांना होते. काका मुख्य पर्सोना झाले. डेव्हलपरला म्हटलं, त्यांना पुन्हा वाजवू नका, 'घेतली' ही खूण दिवसभर समोर दिसू द्या. दोन मिनिटांत पटलं.

आता अडलंय ७ नंबरपाशी. ती वडिलांची औषधं दुसऱ्या गावाहून फोनवर सांभाळते, कुणाच्याच शेजारी बसत नाही. काढून टाकू?

कोरा_कागद: नका काढू, पण एकटीवरून पर्सोनाही करू नका. पुन्हा जायचंच असेल तर आता जा, तिच्यासारख्या अजून तीन-चार जणांना भेटा.