मांढरदेवच्या झाडावरची बाहुली: आधी उपटायची की आधी समजून घ्यायची?

कृष्णाकाठ:
गेल्या महिन्यात वाईजवळ मांढरदेवच्या डोंगरावर काळूबाईला गेलो होतो. देवळाजवळच्या एका झाडाला काळ्या कापडाची बाहुली ठोकलेली, पोटात लिंबू, लिंबात टाचण्या. खाली फोटो टाचलेले. सोबतचा भाचा मानववंशशास्त्र शिकतो, तो वही काढून लिहायला लागला. अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीतला मित्र म्हणाला, "लिहितोस काय, उपट ते!" तिथंच वाजलं.

मी भाच्याच्या बाजूनं आहे. जेम्स फ्रेझर या मानववंशशास्त्रज्ञानं मांडलं की, जादूटोणा दोन समजुतींवर चालतो: सारख्या वस्तूला केलेलं मूळ माणसाला लागतं, आणि एकदा अंगाला लागलेल्या वस्तूचं नातं तुटत नाही. म्हणून फोटो, म्हणून केस, वापरलेल्या कपड्याचा तुकडा. ही रीत ओळखल्याशिवाय समोरच्याशी बोलणार काय?

माणदेशी लेक:
माझ्या चुलतीवर भावकीनं करणीचा आळ घेतला होता. गोठ्यातली म्हैस मेली, एवढंच निमित्त. पुढची कित्येक वर्षं तिला कुणी हळदीकुंकवाला बोलावलं नाही. लेकरं तिच्या दारावरून जाताना पळत सुटायची. असल्या प्रकाराला अभ्यासक "सामाजिक ताण व्यक्त करण्याची पद्धत" म्हणतात, तेव्हा अंगाचा तिळपापड होतो. ताण भावकीचा, भोगलं तिनं.

वाईकर:
ताई, चुलतींबद्दल वाचून वाईट वाटलं. पण त्यांच्यावरच आळ का आला, हे शोधायलाही अभ्यासच लागतो. तेव्हाच्या सुदानमधल्या (आता दक्षिण सुदान) अझांदे लोकांवर इव्हान्स-प्रिचर्ड या मानववंशशास्त्रज्ञानं 1937 मध्ये पुस्तक लिहिलं. कणगीचे खांब वाळवीनं खाल्ले म्हणून ती कोसळली, हे त्या लोकांना पक्कं ठाऊक होतं. "पण नेमकी मी खाली बसलो असतानाच का?" याचं उत्तर ते चेटकात शोधत. म्हैस रोगानं मेली हे तुमच्या भावकीलाही कळत असणार. प्रश्न होता, "आमचीच का?"

आणि अभ्यास म्हणजे पाठराखण नव्हे. आमच्या वाईत तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी धर्मकोशासाठी, म्हणजे धर्मशास्त्राच्या ग्रंथांच्या संकलनासाठी, जन्म वेचला. त्याच माणसानं शास्त्रांचा आधार देऊन अस्पृश्यतेविरुद्ध गांधीजींना साथ दिली.

माणदेशी लेक:
तर्कतीर्थ बोलले, उभे राहिले. तेच मी मागते आहे. दाभोलकर साताऱ्याचेच. 20 ऑगस्ट 2013 ला त्यांचा खून झाला, त्यानंतर कुठं त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. तो रस्त्यावरच्या माणसांनी वर्षानुवर्षं रेटला होता, नुसत्या वहीनं नव्हे.

पेठेतला:
2005 ची चेंगराचेंगरी विसरू नका. 25 जानेवारीला याच डोंगरावर जवळपास 300 माणसं गेली. नारळाच्या पाण्यानं पायऱ्या निसरड्या झाल्या होत्या, वाट अरुंद. भाविक नारळ कुठं फोडतो, कुठं थबकतो, हे यात्रेत बसून कुणी टिपलं असतं तर बंदोबस्त वेगळा लागला असता. विधी समजणं म्हणजे जीव वाचवणंसुद्धा.

माणदेशी लेक:
हे पटलं. पण कृष्णाकाठ, तुमच्या भाच्याला सांगा, झाडापाशी थांबू नको. फोटोतल्या माणसाच्या घरी जा. तिथं काय चाललंय ते लिही. आणि लिहून झाल्यावर पोलिसांत त्याच्याबरोबर जायची तयारी ठेव.

कृष्णाकाठ:
भाच्याला आत्ताच वही उघडायला लावली. फोटो तीन होते. दोनांच्या पुढं त्यानं "पुरुष, मध्यमवयीन" लिहिलंय. तिसऱ्यापुढं लिहिलंय, "मुलगी, शाळेचा गणवेश, दोन वेण्या."

ताई, फोटो तिथंच आहेत. रविवारी आम्ही दोघं परत वर जातोय.