गुरुवारी लाइट गेली की गच्चीवरचा सेन्सर भलत्याच राउटरला चिकटतो, काय करू?

कोथरूडकर:
नमस्कार मंडळी. गच्चीवरच्या टाकीच्या ओव्हरफ्लो पाइपखाली मी झिगबीचा (स्मार्ट उपकरणांचं कमी बॅटरी खाणारं वायरलेस नेटवर्क) लीक सेन्सर ठेवलाय, पाणी वाहायला लागलं की मोबाइल वाजतो आणि मोटर आपोआप बंद होते. घरी आई-बाबा दोघंच असतात, बाबांना गुडघ्यांमुळे गच्ची चढवत नाही म्हणून हे सगळं केलं. जिन्याच्या वरच्या टप्प्यावर, सेन्सरपासून जेमतेम १० फुटांवर स्मार्ट प्लग आहे, तोच राउटर, म्हणजे सेन्सरचा मेसेज पुढे हबला (घरातल्या मुख्य यंत्राला) पोचवणारा. पण गुरुवारी मेन्टेनन्सला लाइट गेली की सेन्सर पहिल्या मजल्यावरच्या दुसऱ्या प्लगला जाऊन चिकटतो, तो इन्व्हर्टरवर आहे. लाइट येते, वरचा प्लग चालू होतो तरी हा परत येतच नाही, एलक्यूआय (सिग्नलचा दर्जा, आकडा मोठा तितका चांगला) २०-२५ वर लोंबकळत राहतो. परवा टाकी अर्धा तास वाहिली आणि मेसेजच आला नाही, फार वाईट वाटलं. जवळचा रस्ता दिसत असून हा लांबचा का धरतो?

सिंहगड रोडवाला:
त्याला रस्ता दिसतच नाही, तो रस्ता निवडतही नाही. बॅटरीवरचा सेन्सर फक्त एक पेरेंट, म्हणजे एकच राउटर, धरतो आणि जे काय असेल ते त्याच्या हातात देतो, पुढे हबपर्यंत कुठून न्यायचं ते लाइटवर चालणारे राउटर आपसात ठरवतात. ते साधारण दर १५ सेकंदांनी शेजाऱ्यांना आपली खबर देतात, प्रत्येक लिंकला १ ते ७ असा खर्च लावतात आणि ज्या रस्त्याची बेरीज कमी तो धरतात. सेन्सरला हे परवडणारच नाही. सीआर२०३२ बटण सेलमध्ये साधारण २२० एमएएच असतात, रेडिओ ऐकत ठेवायला १० मिलिअँपिअर धरले तरी एका दिवसात सेल संपला. म्हणून तो झोपतो, अधूनमधून उठून पेरेंटला विचारतो माझ्यासाठी काही आहे का, आणि परत झोपतो.

आता तुमचा गुरुवार बघा. प्लग गेला, सेन्सरने हाक मारली, उत्तर नाही, असं काही वेळा झालं की तो आजूबाजूला कोण आहे विचारतो आणि उत्तर देणाऱ्यांतला त्यातल्या त्यात बरा सिग्नल आणि पोरं (त्याला चिकटलेले सेन्सर) सांभाळायला जागा असलेला राउटर धरतो. तेव्हा जागा होता फक्त इन्व्हर्टरवाला. लाइट आल्यावर नवा शोध घ्यायला त्याला कारणच नाही, कारण जुनी लिंक कशीबशी का होईना चालतेय. ती पूर्ण तुटेपर्यंत बरेच सेन्सर हलत नाहीत.

सेल काढून घाला, आणि परत जोडताना परमिट जॉइन (नवीन उपकरणाला आत घ्यायची परवानगी) फक्त वरच्या प्लगवरून उघडा, झेड२एममध्ये (झिगबी२एमक्यूटीटी, झिगबी सांभाळायचं सॉफ्टवेअर) तसं निवडता येतं. पण हे पुढच्या गुरुवारपर्यंतच टिकेल. खरा उपाय म्हणजे वरचा प्लगच इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या, पेरेंट गेलाच नाही तर सेन्सर भटकणार कशाला.

औंधकर:
वरच्याशी सहमत. अजून एक, सेन्सर आणि प्लगच्या मधे भरलेली टाकी येत नाही ना बघा, पाणी २.४ गिगाहर्ट्झ चांगलंच शोषतं, आमच्याकडे टाकी रिकामी असताना सिग्नल मस्त आणि भरली की गायब, नेमका हवा तेव्हाच. शिवाय राउटर म्हणून स्मार्ट बल्ब वापरत असाल तर त्याच्या भिंतीवरच्या बटणावर टेप लावा, आईने सवयीने बटण बंद केलं की त्या बल्बची सगळी पोरं उघड्यावर.

कोथरूडकर:
दोघांचेही मनापासून आभार. वायरमनला बोलावून जिन्यातल्या सॉकेटला इन्व्हर्टरची लाइन ओढून घेतली, सेन्सर टाकीच्या आडून काढून जिन्याच्या दाराकडच्या बाजूला आणला. टाकी मधे येतच होती. काल गुरुवार, सकाळी लाइट गेली तशी नेटवर्कचा मॅप उघडून बसलो, सेन्सर वरच्याच प्लगवर, एलक्यूआय १४० च्या आसपास. मग गच्चीवर जाऊन सेन्सरवर तांब्याभर पाणी ओतलं आणि खालून बाबा ओरडले, "अरे वाजला वाजला!"